600 हॉर्सपॉवर म्हणजे नेमके कुठले? पंप आधी की गिअरबॉक्स आधी या वादाची पार्श्वभूमी

ठाणे-नवी मुंबईत व्ही-8 वाल्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या, पण त्यांच्यावरून होणारी भांडणं भरपूर. परवा परत तेच झालं. एका मित्राने मस्टँगला सुपरचार्जर बसवायचं मनावर घेतलंय, टार्गेट 600, आणि त्याचा प्रश्न साधा होता की आधी फ्युएल पंप आणि इंजेक्टर घ्यायचे का आधी गिअरबॉक्स आणि डिफचं (मागच्या एक्सलमधलं डिफरन्शियल) काम काढायचं. पाम बीच रोडच्या कडेला चहा पीत दोन तास वाद झाला आणि शेवटी कळलं की एक जण क्रँकवरचे, म्हणजे इंजिनमधून बाहेर पडतानाचे 600 बोलतोय, दुसरा गिअरबॉक्स आणि डिफमधून जाऊन उरलेले चाकावरचे, आणि तिसरा कुठल्या तरी 1970 च्या माहितीपत्रकातल्या मोजणीचे. हा घोळ पन्नास वर्षं जुना आहे. तो कुठून आला तेवढंच इथे लिहितोय, सुपरचार्जर काय करतो वगैरे शिकवत बसत नाही.

फार मागे जायचं तर 1928 ला शिवडीत अमेरिकन गाड्या जोडायचा कारखाना निघाला, नंतर कुर्ल्याला डॉज, प्लायमाउथ जोडल्या जायच्या, त्यामुळे इकडच्या जुन्या मिस्त्री लोकांना मोठं अमेरिकन इंजिन काही नवीन नव्हतं. पण त्या सगळ्या संथ सेडान. 1964 च्या पाँटियाक जीटीओने मधल्या आकाराच्या बॉडीत 389 क्युबिक इंचाचं इंजिन घातलं आणि तिकडे मसल कारचं खूळ सुरू झालं, तोपर्यंत आपल्याकडे आयात इतकी आवळलेली होती की ते खूळ फोटोतच बघायचं.

आता मुख्य गोष्ट. 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या छापायच्या तो आकडा ग्रॉस. म्हणजे इंजिन गाडीबाहेर स्टँडवर, एअर फिल्टर नाही, अल्टरनेटर नाही, एक्झॉस्ट मोकळा, टायमिंग हवं तसं लावलेलं, आणि मग जे येईल ते छापायचं. 1970 च्या शेव्हेल एसएसचं एलएस-6, म्हणजे 454 क्युबिक इंचाचं इंजिन, असंच 450 चं. 1972 पासून नेट आकडा आला, त्यात फिल्टर, फॅन, अल्टरनेटर, गाडीतलाच सायलेन्सर, सगळं लावून मोजायचं. गंमत 1971 ची आहे कारण त्या वर्षी एका कंपनीने दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले. त्या साली कॉर्व्हेटचं साधं 350 इंजिन ग्रॉसमध्ये 270 आणि नेटमध्ये 210, मोठं 454 ग्रॉसमध्ये 365 आणि नेटमध्ये 285. इंजिन तेच, वर्ष तेच, फरक नुसता मोजणीचा.

म्हणून '1972 ला मसल कार मेली' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. पॉवर खरंच घटली होती, कारण बिनशिशाच्या पेट्रोलसाठी 1971 पासून कॉम्प्रेशन उतरवलं गेलं, पण घट जेवढी कागदावर दिसते त्यातला मोठा वाटा मोजपट्टी बदलल्याचा आहे. आणि ग्रॉसवाले सगळेच फुगवून सांगायचे असंही नाही, उलटही व्हायचं. फोर्डची 428 कोब्रा जेट 335 ची म्हणून विकली, 1969 ची कॅमारो झेड-28 तर फक्त 290 ची, आणि दोन्ही प्रत्यक्षात जास्त होत्या हे आता जवळपास सगळेच मानतात. इन्शुरन्स आणि रेसिंगचे क्लास सांभाळायला आकडा मुद्दाम दाबलेला. थोडक्यात त्या काळातला छापील आकडा धरून आज कोणी पंप मागवत असेल तर त्याने देवाचं नाव घ्यावं.

त्यानंतर डायनो (गाडी रोलरवर चढवून पॉवर मोजायचं यंत्र) आले आणि तिसरी मोजपट्टी आली, चाकावरची. मग क्रँकवरचं कळावं म्हणून 15 टक्के लॉस धरायची पद्धत पडली, आणि ती अजून चालू आहे. हे 15 टक्के कुठल्या ग्रंथात लिहिलेले नाहीत. ऑटोमॅटिकला जास्त जातात, मॅन्युअलला कमी, आणि इंजिनची पॉवर डबल केली म्हणून गिअरबॉक्स डबल खातो असं होत नाही, तरी सगळे डोळे मिटून 0.85 ने भागतात. मीही भागतो, दुसरं काय करणार.

आता ह्याचा पंपाशी संबंध बघा. बूस्टवाल्या (सुपरचार्जरने दाबून हवा भरलेल्या) पेट्रोल इंजिनला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 0.6 पौंड पेट्रोल धरतात. क्रँकवर 600 हवे असतील तर 360 पौंड, म्हणजे 163 किलो, म्हणजे तासाला 220 लिटरच्या आसपास. तेच 600 चाकावर हवे असतील तर क्रँकवर 706 लागतात आणि हिशोब 260 लिटरला जातो. बाजारात खूप खपणारा पंप तासाला 255 लिटरचा. एका अर्थाने पुरतो, दुसऱ्या अर्थाने कमी पडतो, आणि तो 255 सुद्धा 40 पीएसआय प्रेशरला मोजलेला, प्रेशर वाढलं की लिटर कमी होतात. इंजेक्टरचंही तसंच, 360 पौंड आठ सिलिंडरमध्ये वाटले की 45, आणि इंजेक्टर 80 टक्क्यांवर (जास्तीत जास्त तेवढाच वेळ उघडा) ठेवायचा तर 56 पौंडाचा घ्यावा लागतो. चाकावरचे धरले तर 66.

गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी, त्याला हॉर्सपॉवरशी घेणंदेणं नाही. त्याला टॉर्क कळतो, आणि तो टॉर्क पहिल्या गिअरने आणि डिफने किती पट होतो ते कळतं. इकडच्या मस्टँगचे कागदावरचे 515 न्यूटन मीटर घ्या, सहा स्पीड ऑटोमॅटिकचा पहिला गिअर 4.17, डिफ 3.55 धरला तर एक्सलवर 7600 च्या वर जातं, ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरची भर वेगळीच. टायर घसरला तर यातलं बरंच रबरात जातं आणि पार्ट वाचतात. चिकट टायर लावले की मग डिफमधली क्राउन-पिनियन ही दातेरी जोडी बोलायला लागते. म्हणून '700 हॉर्सपॉवरचा गिअरबॉक्स' असं कोणी विकत असेल तर त्याला आधी विचारा की 700 काय, कारण टी-56 मॅग्नमवर लिहिलेलं 700 हे पौंड-फूट आहे, 949 न्यूटन मीटर.

हे शहाणपण तिकडेही मोडतोड झाल्यावरच आलं. साठच्या दशकातले चार स्पीड बॉक्स दणकट होते पण ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिन संथ ठेवणारा वरचा गिअर) नाही, हायवेला इंजिन ओरडत राहायचं. ऐंशीच्या दशकात पाच स्पीडचा टी-5 आला, हलका, छान शिफ्ट होणारा, आणि चांगल्यातला चांगला कंपनीचा बॉक्ससुद्धा कागदावर 300 पौंड-फुटांच्या आसपास. लोकांनी त्याच गाड्यांना सुपरचार्जर लावले आणि तिसऱ्या गिअरचे दात चाळणीत गोळा केले. मग 1992 ला व्हायपरसोबत टी-56 आला आणि तेव्हापासून सगळ्यांचं उत्तर तेच झालं. डिफच्या नावांचा आणखी एक गोंधळ आहे, नऊ इंची हे क्राउनच्या व्यासावरून, 12-बोल्ट हे बोल्टच्या संख्येवरून, डॅना 60 हा नुसता मॉडेल नंबर, आणि 'पॉझी' तर एका कंपनीचं ब्रँडनेम जे सगळ्याच लिमिटेड स्लिपला (एकच चाक फुकट फिरू न देणाऱ्या डिफला) चिकटलं. फोर्डचा नऊ इंची 1957 चा, पिनियनच्या आतल्या टोकाला जास्तीची बेअरिंग, तुटत नाही म्हणून प्रसिद्ध, पण पिनियन खाली बसल्यामुळे दात जास्त घासतात आणि थोडी पॉवर स्वतःच खातो. म्हणजे परत ते 15 टक्के हललेच.

फ्युएलची बाजू जुन्या काळी सोपी होती, कार्ब्युरेटरला 5-7 पीएसआय पुरायचे, इंजिनवरचाच यांत्रिक पंप. इंजेक्शन आलं तसं प्रेशर 40 च्या घरात गेलं आणि पंप टाकीत शिरला. 1986 नंतरच्या 5.0 मस्टँगवर लोकांनी जे प्रयोग केले ते आठवले तरी अंगावर काटा येतो, इंजेक्टर कंपनीचेच छोटे ठेवायचे आणि रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) आवळणारा एक डबा लावायचा जो एक पौंड बूस्टला 12 पौंड फ्युएल प्रेशर चढवायचा. चाललं, काही इंजिनं पण गेली. नव्वदच्या शेवटी रिटर्नलेस सिस्टिम पसरली, कारण इंजिनजवळ तापलेलं पेट्रोल परत टाकीत गेलं की वाफा होतात आणि प्रदूषणाचे नियम कडक झाले होते. रिटर्न परत घालायचा का हा वाद आजही आहे. माझं मत, 600 पर्यंत गरज नाही, वायरिंग नीट करा.

वायरिंग म्हणतोय त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या एका शेडमध्ये अशीच एक गाडी डायनोवर होती, वर पत्र्यावर पाऊस इतका की ओरडून बोलावं लागत होतं. मिस्त्रीने प्रेशर गेज काचेवर टेपने चिकटवलेलं. मालक लॅपटॉपवरचा बूस्ट बघतोय आणि मिस्त्री म्हणतोय, "शेठ, ते सोडा, ही सुई बघा." सुई 55 वर निवांत, 5,000 आरपीएमच्या पुढे थरथरायला लागली आणि 5,800 ला 41 वर आली. गाडी तिथेच बंद केली. पंप बदलायला निघाले होते, पण मिस्त्रीने पंपाच्या टोकाला मीटर लावला, आयडलला 13.9 व्होल्ट आणि लोडवर 11.8. पंप चांगला होता, त्याला करंटच पोचत नव्हता. आधीच्या गॅरेजने मोठा पंप टाकून वायर जुनीच ठेवलेली. जाड वायर आणि रिले, खर्च पंपाच्या पाव पण नाही.

2016 ला मस्टँग इकडे अधिकृतपणे आली आणि मोजपट्टीचा वाद मराठीत सुरू झाला. तिकडे 435 हॉर्सपॉवर, उजव्या स्टिअरिंगच्या बाकी देशांत 416 पीएस, आणि आपल्याला 401 पीएस. काही म्हणतात पेट्रोल खराब म्हणून, काही म्हणतात स्टिअरिंगचा दांडा वाटेत येतो म्हणून मॅनिफोल्ड वेगळं, आणि त्यात पीएस आणि बीएचपी एकच धरून भांडणारे वेगळे, 401 पीएस म्हणजे 395 बीएचपी. ऑक्टेनचंही असंच, तिकडच्या पंपावरचा 93 हा दोन पद्धतींची सरासरी असतो, आपला आकडा नुसता आरओएन, म्हणजे त्यातल्या एकाच पद्धतीचा, त्यामुळे आपलं जुनं 91 हे तिकडच्या 87 च्या जवळ. तिकडच्या 93 साठी बनवलेला ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) इकडे थेट टाकणाऱ्याने हे आधी वाचलेलं बरं.

आणि आता इथेनॉल. 2003 ला 5 टक्क्यांनी सुरुवात झाली, जून 2022 मध्ये 10 गाठले, फेब्रुवारी 2023 मध्ये ई20 पंपांवर यायला लागलं, 20 टक्क्यांचं टार्गेट 2030 वरून 2025 ला ओढलं आणि गाठलंही. ऊसवाल्यांचा फायदा झाला, ते चांगलंच, पण गाडीवाल्याला निवडायची सोय फारशी राहिली नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण 13.5, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन. अमेरिकन किट 10 टक्केवाल्या पेट्रोलवर बेतलेलं असतं, त्याच्याही वर 4 टक्के लागतात, 85 टक्क्यांवर चालणारा इंजेक्टर 89 ला जातो. वरच्या हिशोबात क्रँकवरच्या 600 ला पास झालेल्या 255 च्या पंपाची शिल्लक इथे आणखी कमी होते. उलट बाजूने इथेनॉल नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) कमी करतं, बूस्टवाल्याला ते हवंच असतं, त्यामुळे शिव्या देणारे आणि खूश असणारे एकाच शेडमध्ये सापडतात. जुन्या गाड्यांचे रबरी होज आणि पावसात टाकीत शिरणारं पाणी हा त्रास मात्र दोघांनाही.

मित्राच्या गाडीचं सध्या एवढं ठरलंय की 600 क्रँकवरचे धरायचे, पंप 255 पेक्षा मोठा आणि वायर जाड, इंजेक्टर इथेनॉलची शिल्लक धरून 66 चे, डिफला फक्त चांगलं ऑइल, गिअरबॉक्सला कूलर, आणि टायर कंपनीचेच. आरसी बुकात यातलं काहीच लिहिलेलं नसणार. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दोन्ही म्हणतात की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं करायचं नाही, त्यामुळे एमएच 43 ची ही गाडी चाकावर खरे किती देते ते डायनोच्या कागदावरच राहील, आणि त्या कागदावर हवामानाचं कुठलं करेक्शन लावलंय यावर पुढच्या रविवारी परत चहा आहे.