तांबालाकोक डोडोवाचून अडलेला नाही

मॉरिशसच्या डोंगरी जंगलातल्या तांबालाकोक वृक्षाची बी नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, ही समजूत १९७७ च्या एका शोधनिबंधातून पसरली. त्यात डोडोऐवजी टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या. ७ भरडल्या गेल्या, उरलेल्या १० पैकी ३ रुजल्या. पण न भरवलेल्या बिया शेजारी पेरून पाहिल्याच नव्हत्या! बियांच्या जाड कवचावर मुळातच एक रेघ असते, तिथूनच ते झाकणासारखं उघडतं. खरे शत्रू आजचे आहेत. माकडं कच्ची फळं तोडतात, चिनी पेरू या बाहेरून आलेल्या झुडपाची दाटी रोपांचा उजेड अडवते. हा पेरू नुसता तोडला की बुंध्यातून पुन्हा फुटतो. त्यामुळे लहान रोपं मुळासकट उपटायची, जाड खोड जमिनीलगत कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं आणि पुन्हा पुन्हा फेरी मारायची, कारण पक्षी आणि डुकरं नव्या बिया आणतच राहतात.