चक्राकार अर्थव्यवस्थेसाठी महागडी यंत्रणा लागतेच का?

वापरलेला माल पुन्हा उपयोगात आणणारी चक्राकार अर्थव्यवस्था लहान व्यवसायांना झेपत नाही, कारण तिच्यासाठी महागडे सेन्सर आणि ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर जपलेली, सहज बदलता न येणारी डिजिटल नोंदवही) लागते, असा समज अनेक वर्षे रूढ आहे. तो चुकीचा आहे. बहुतेकदा खरी अडचण माहितीची असते: कोणता माल, किती आणि कोणत्या स्थितीत पडून आहे, याची नोंदच नसते.

फर्निचरच्या कारखान्यात उरलेल्या प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी, जाडी आणि लाकडाची जात साध्या स्प्रेडशीटमध्ये टिपली, तर नवी फळी कापण्यापूर्वी जुना तुकडा शोधता येतो. एरवी चांगले सागवानही जळणात जाते, आणि हे नुकसान खरोखर टाळण्याजोगे आहे. दुरुस्तीच्या व्यवसायात नोंदीचे हेच काम वस्तूवर चिकटवलेला क्यूआर कोड करतो; तो स्कॅन केला की त्या वस्तूची नोंद उघडता येते. १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी विकसित झालेला हा कोड कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

मात्र नोंदी अद्ययावत नसतील, तर कोणतेही सॉफ्टवेअर निरुपयोगीच ठरते. म्हणून नोंदीचे काम प्रत्यक्ष माल हाताळणाऱ्या कामगाराकडेच सोपवावे, कारण तुकडा वापरण्याजोगा आहे की नाही, हे सर्वांत आधी त्यालाच कळते.