‘अठरावं लागलं’ म्हणजे अठरा पूर्ण नव्हे : वसतिगृहात प्रवेश घेण्याआधी वाचा

अकरावी-बारावी आणि नीटच्या क्लाससाठी मुलांना लातूरला पाठवणाऱ्या पालकांनो,

दर जूनमध्ये आमच्या वसतिगृहाच्या दारात एकच प्रसंग घडतो. सकाळच्या एसटीनं मुलगा येतो, सोबत चुलतभाऊ, खांद्यावर गादीची वळकटी. पालकांची सही मागितली की म्हणतो, “मला अठरावं लागलंय, माझीच सही चालेल ना?” अठरावं लागलेलं असतं हे खरं, पण ते सतरा पूर्ण झाल्यावर लागतं. १८७५च्या भारतीय सज्ञानता कायद्यात पूर्ण झालेली वर्षं मोजतात. जन्म १२ ऑगस्ट २००८चा असेल, तर १२ ऑगस्ट २०२५ला अठरावं लागलं. सज्ञान व्हायला १२ ऑगस्ट २०२६ उजाडावा लागतो. या एका गफलतीपायी गेल्या वर्षी एका मुलाचे वडील ऐन पेरणी टाकून संध्याकाळच्या गाडीनं सहीसाठी आले. तोवर पोरगं दिवसभर ऑफिसात वळकटीवर बसून होतं. आम्हालाही वाईट वाटलं.

अठराच्या आत घराबाहेर राहता येतं, पण पालकांच्या संमतीनं. कोर्टाकडून लवकर ‘स्वतंत्र’ ठरवून घ्यायची सोय आपल्याकडे नाही.

काही जण म्हणतात, बाकीचे ठेवून घेतात, तुम्हीच अडवता. पण अल्पवयीन मुलानं एकट्यानं सही केलेला करार मुळातच रद्द असतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, दिलेला तो निकाल आजही लागू आहे. उद्या डिपॉझिटवरून वाद झाला तर तो कागद ना तुमच्या कामाचा, ना आमच्या. शिवाय पालकांना अंधारात ठेवून मूल ठेवून घेणाऱ्यावर अपहरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यासाठी मुलग्यांची वयोमर्यादा पूर्वी सोळा होती. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत मुलगा-मुलगी दोघांनाही अठराच आहे.

सही वडिलांचीच हवी असं नाही. वडील बाहेरगावी असतील, घरात लक्ष घालत नसतील, तर आईची चालते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन खटल्यात आईचा हा हक्क स्पष्ट केला आहे. मामा, काका, मोठा भाऊ यांची सही मात्र आम्ही घेत नाही, ते कायदेशीर पालक असल्याचा कोर्टाचा आदेश असेल तरच.

आणि मुलांनो, घरात मारहाण किंवा जाच होत असेल म्हणून बाहेर पडायचं असेल, तर खोली शोधत फिरू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा, तो मोफत आहे. तुम्हाला सुरक्षित कुठं ठेवायचं हे बालकल्याण समिती ठरवते. आमच्या ऑफिसात आलात तर फोन आम्ही लावून देऊ.

प्रवेशाला येताना दहावीची सनद किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणा. संमतीपत्राचा नमुना आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवतो. तो भरून त्याचा फोटो पाठवलात की तीन दिवस खोली राखून ठेवतो, त्याचे पैसे घेत नाही. सही करायला याल तेव्हा मेसमध्ये जेवूनच जा. मूल रोज काय खाणार आहे ते ताटातच कळेल.