घरातील ब्रूडर

अंड्यातून निघालेल्या पिल्लांना आईविना ऊब देण्याची बंदिस्त जागा म्हणजे ब्रूडर. खुडूक कोंबडी पंखाखाली जे सहज देते, ते इथे माणसाला पुरवावे लागते. महाराष्ट्रात गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींची एकदिवसीय पिल्ले खासगी हॅचरीतून किंवा पशुसंवर्धन विभागाच्या अंडी उबवणी केंद्रांतून घेतली जातात. एक कोंबडी 10-12 पिल्ले नीट सांभाळते; 50 पिल्ले आणली की पडवीत किंवा रिकाम्या खोलीत ब्रूडर मांडावाच लागतो. शेडमधल्या आणि घरातल्या ब्रूडरचे तत्त्व एकच, पण घरात वासाची अडचण मोठी असते.

50 पिल्लांसाठी पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे दीड फूट उंच आणि साधारण 5 फूट व्यासाचे गोल रिंगण करतात. त्याला चिक गार्ड म्हणतात. ते गोलच हवे, कारण चौकोनी खोक्यात पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. जमिनीवर 2 इंच जाडीचे भाताचे तूस पसरावे. एवढ्या जागेला एक भरलेले पोते पुरते. लाकडाचा बारीक भुसा टाळावा, पिल्ले तो दाणा समजून खातात. पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद अंथरतात, म्हणजे सांडलेला मक्याचा भरडा त्यांना दिसतो. गुळगुळीत कागदावर मात्र पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचे अधू होऊ शकते. त्यासाठी खरखरीत कागद वापरावा आणि तो रोज बदलावा.

उबेसाठी पिल्लामागे 2 ते 3 वॅट धरतात. 50 पिल्लांना 60 वॅटचे दोन बल्ब लावावेत. एकच मोठा बल्ब रात्री उडाला तर सकाळी मरतुक दिसते. बल्ब फिलामेंटचाच हवा. एलईडी उजेड देतो, पण त्याची उष्णता पिल्लांच्या कामाची नसते. बल्ब तुसापासून दीड फुटावर, साखळीने किंवा तारेने पक्का टांगावा. नुसत्या वायरीवर लोंबकळणारा बल्ब सुक्या तुसात पडला तर आग लागते. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंशांनी उतरवावे. विदर्भात मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते, तिथे दिवसा बल्ब बंदच ठेवावा लागतो. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिल्लेही जातात आणि माणसेही.

थर्मामीटरपेक्षा पिल्ले जास्त सांगतात. बल्बखाली ढीग करून ओरडत असतील तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापत असतील तर उष्णता जास्त आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे. रिंगणभर विखरून निवांत पसरली असतील तर काहीच बदलू नये.

पिल्ले आल्यावर आधी पाणी, मग दाणा. प्रवासाने दमलेल्या पिल्लांना पहिले काही तास लिटरला मूठभर गूळ घातलेले पाणी देतात. गूळपाणी तासन्‌तास ठेवले तर ते आंबते, त्यामुळे उरलेले फेकून भांडे धुवावे.

आता वास. ताज्या कोरड्या विष्ठेला फार वास नसतो. विष्ठेतल्या युरिक आम्लाचे जिवाणू विघटन करतात, तेव्हा अमोनिया सुटतो, आणि त्या जिवाणूंना ओल लागते. म्हणून वास घालवायचा तर ओल घालवायची. धूप, अत्तर, फवारे हे काही उपाय नाहीत. 50 पिल्ले पहिल्या आठवड्यात रोज लिटर-दीड लिटर पाणी पितात, चौथ्या आठवड्यात तीन लिटरांहून अधिक. त्यातला बराच भाग विष्ठेतून तुसात उतरतो, वर भांड्यातून सांडते ते वेगळेच.

त्यामुळे खरी निगा पाण्याच्या भांड्याभोवती असते. भांडे तुसावर ठेवू नये, विटेवर किंवा जाळी बसवलेल्या ताटलीवर ठेवावे, म्हणजे सांडलेले पाणी खाली ताटलीत राहते. भांड्याची कड पिल्लांच्या पाठीला समांतर ठेवावी आणि पिल्ले वाढतील तशी उचलत जावी. कड खाली राहिली की पिल्ले पाण्यात तूस उडवतात आणि उभी राहतात. रोज सकाळी भांड्याभोवतीचे ओले तूस ओंजळभर असले तरी काढून टाकावे, तिथे कोरडे घालावे आणि बाकीचे हाताने किंवा दाताळ्याने खालवर करावे. मूठभर तूस दाबून मूठ उघडावी: गोळा तसाच राहिला तर ते फार ओले आहे, हलकेच सुटले तर बरोबर, धूळ उडाली तर फार कोरडे. वरचा थर पापडासारखा कडक झाला असेल तर तो नुसता फोडू नये, उचलून बाहेर काढावा.

वास तपासायचा तर उकिडवे बसून नाक तुसापासून वीतभर अंतरावर न्यावे, कारण पिल्ले तिथेच श्वास घेतात. रोज काम करणाऱ्याचे नाक सरावते, म्हणून बाहेरून आलेल्याला विचारावे. डोळे चुरचुरले म्हणजे बराच उशीर झालेला असतो. पिल्लांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला तोवर इजा होऊ लागते. थंडीच्या भीतीने प्लास्टिकचे पडदे चहूबाजूंनी आवळणे ही फार मोठी चूक आहे. पडद्याची वरची हातभर जागा मोकळी ठेवावी, झोत फक्त पिल्लांच्या उंचीवर अडवावा.

तुसावर चुना टाकण्याची चाल आहे. पिल्ले असताना ओल्या तुसावर चुना टाकला तर अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना पिल्ले येण्याआधी जमिनीला आणि भिंतींना लावावा. ब्लीचिंग पावडर तर विष्ठेवर कधीच टाकू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

ओलीचा दुसरा परिणाम रक्ती हगवण. तिच्या परजीवीच्या पुटिका ओल्या उबदार तुसात एक-दोन दिवसांत रोगकारक होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांनी मरत नाहीत. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्ले पंख पाडून बसू लागली, विष्ठेत रक्त दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. विष्ठा सुकून बूड चिकटलेले पिल्लू वेगळे असते: कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून, कोरडे करून बल्बखाली सोडावे, ओढून काढू नये. मानमोडीची (राणीखेत) लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो या विषाणूजन्य रोगाची दुसऱ्या आठवड्यात देतात.

स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत ब्रूडर नको. दुसऱ्या आठवड्यापासून पिसांची बारीक धूळ सगळीकडे बसते, आणि विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरू शकतो. पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना पिल्ले तोंडाजवळ नेऊ देऊ नयेत.

दोन आठवड्यांनी रिंगण मोठे करून पिल्लामागे 1 चौरस फूट जागा द्यावी; दाटी वाढली की कितीही तूस बदलले तरी वास हटत नाही. पिल्ले खुराड्यात हलवली की सगळे तूस पोत्यात भरून उकिरड्यावर न्यावे आणि दोन महिने कुजवावे, ताजे घातले तर रोपे जळतात. धुण्याच्या सोड्याने भांडी घासून उन्हात वाळवावीत, जमीन धुवून चुना लावावा. पुठ्ठ्याचे रिंगण पुन्हा वापरू नये, त्यात ओल आणि जंतू मुरलेले असतात. पुढची पिल्ले आणण्याआधी खोली किमान आठ-दहा दिवस रिकामी आणि कोरडी ठेवावी.