शेळीला कळतं ते कुत्र्याला का कळत नाही?

महामार्गांच्या दुभाजकात कण्हेर लावतात ती केवळ फुलांसाठी नाही. तिला पाणी कमी लागतं, धूर-धूळ ती सोसते आणि मोकाट गुरं तिला तोंड लावत नाहीत. बाभळीच्या काट्यांमधून पाला ओरपणारी शेळीसुद्धा कण्हेर हुंगते आणि पुढं जाते. तीच कण्हेर घराच्या अंगणात असली, की कुत्र्याचं पिल्लू मात्र तिची छाटलेली फांदी पुढच्या दोन पायांत हाडासारखी धरून चघळत बसतं.

असं का होतं, याचं उत्तर थोडं जिभेवर आहे आणि थोडं पोटात. चव ओळखणाऱ्या कलिका गाईच्या तोंडात वीस हजारांच्या वर असतात, माणसाच्या तोंडात सुमारे ९,००० आणि कुत्र्याच्या तोंडात जेमतेम १,७००. झाडाला पळता येत नाही, ते रसायनांनी लढतं. त्यामुळे पाल्यावर जगणाऱ्या प्राण्याला घासागणिक पारख करावी लागते. करडू आईशेजारी चरताना काय टाळायचं ते शिकतं, अनोळखी पाला आधी थोडासाच चाखून बघतं. लांडग्याच्या वंशातल्या कुत्र्याला ही शिकवण कधी मिळालीच नाही. शिकारीवर आणि मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या त्याच्या पूर्वजांमध्ये जो चवी घेत बसला तो उपाशी राहिला. म्हणून कुत्रा आधी गिळतो आणि बाधलं तर ओकतो. उंदराला उलटी करताच येत नाही, त्यामुळे तो नव्या खाण्याकडे फार संशयानं बघतो. कुत्रा उलटीच्या भरवशावर खातो.

नासक्या मांसापुरती ही सोय उत्तम आहे. झाडांच्या विषापुढं ती अपुरी पडते, आणि माणसाची फसगतही इथंच होते. ओकला म्हणजे पोट मोकळं झालं, आता बरा होईल, असं आपण धरून चालतो.

आमच्या शेरूच्या वेळी मीही तेच धरून चाललो होतो. सात महिन्यांचं गावठी पिल्लू, दिसेल त्यात दात रोवायचं. एका सकाळी त्यानं फाटकाजवळच्या झाडाखाली पडलेल्या नारिंगी बिया फोडल्या. तासाभरात दोनदा ओकला आणि पायरीवर जाऊन झोपला. आई म्हणाली, आज त्याला नुसता दहीभात घाल. मी डॉक्टरांना फोन केला तो दहीभात चालेल का, एवढंच विचारायला.

"कुठल्या झाडाच्या बिया?" त्यांनी विचारलं.

"दारात पाम आहे ना, टोचऱ्या पानांचा, बुटका."

"तो पाम नाही. असाल तसे निघा. येताना त्याचं एक पान, उरलेल्या बिया आणि ओकारीत पडलं असेल ते पिशवीत घालून आणा."

नर्सरीत 'सागो पाम' म्हणून विकलं जाणारं हे झाड म्हणजे सायकस. नारळ-सुपारीशी त्याचं काही नातं नाही. ते पाइनसारख्या, फुलं न येणाऱ्या बीजधारी झाडांच्या जवळचं, आणि त्याचं कुळ २५ कोटी वर्षांहून जुनं आहे. आपल्याकडे शोभेसाठी लावतात ती जात मूळची दक्षिण जपानमधली. सह्याद्रीच्या दक्षिण भागात त्याच कुळातली दुसरी जात रानात वाढते. केरळात तिच्या बिया वाळवून, पुनःपुन्हा पाण्यात भिजवून, पाणी टाकून मग पीठ करण्याची जुनी रीत आहे. एवढा खटाटोप लोकांनी उगाच केला नव्हता.

सायकसमधल्या विषाचं नाव सायकॅसिन. हा रेणू स्वतः फारसा घातक नसतो, त्याला साखरेचा एक तुकडा जोडलेला असतो. आतड्यातले जिवाणू तो तुकडा तोडतात आणि उरलेला भाग यकृताच्या पेशींवर तुटून पडतो. १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी हे एका देखण्या प्रयोगातून दाखवलं. पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर त्यांनी निर्जंतुक पिंजऱ्यांत वाढवले आणि त्यांना सायकॅसिन खाऊ घातलं. ते जवळजवळ जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडलं, उंदरांना काही झालं नाही. साध्या उंदरांना मात्र तेच विष भोवलं. म्हणजे झाड अर्धं विष देतं, उरलेलं काम खाणाऱ्याच्याच आतड्यात होतं.

कुत्रा सकाळी ओकतो आणि दुपारी शेपटी हलवतो, ती मधली शांतता म्हणूनच फसवी असते. सुरुवातीची उलटी ही आतड्याची तक्रार असते. यकृताचं नुकसान आतून चालू असतं आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतं. मग डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात, रक्त गोठेनासं होतं, झटके येतात. उपचार मिळालेल्या कुत्र्यांच्या ज्या नोंदी परदेशात प्रसिद्ध झाल्या आहेत, त्यांतली एक तृतीयांश ते निम्मी दगावली. विष सगळ्या झाडात असतं, पण बियांमध्ये सर्वांत जास्त. एक-दोन बियांनीही कुत्रा मेल्याची उदाहरणं आहेत.

शेरूला डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन पुन्हा ओकायला लावलं, तेव्हा अर्धवट चावलेली आणखी एक बी बाहेर आली. घरी दोनदा ओकूनही ती आतच होती.

कण्हेरीचं काम निराळ्या वेळापत्रकानं चालतं. तिचा निशाणा हृदय. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो, तो सोडियम बाहेर ढकलतो आणि पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंमध्ये हा पंप शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९७चं नोबेल मिळालं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन नेमकं या पंपावर जाऊन बसतं. पंप अडला की पेशीत सोडियम साठतं, त्यामागून कॅल्शियम साठतं आणि रक्तात पोटॅशियम वाढतं. हृदयाचा ताल बिघडतो, ठोके कधी फार मंद पडतात, कधी वेडेवाकडे होतात. हे सगळं काही तासांत घडू शकतं. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, तिचंही तसंच. पाला वाळला तरी विष टिकतं, कडूपणा मात्र कमी होतो. छाटून वाळत पडलेल्या कण्हेरीनं गुरंसुद्धा मरतात ती यामुळे. छाटणीनंतर फांद्या कोपऱ्यात रचून ठेवायची आपली सवय म्हणून मला फार घातक वाटते.

या विषावर उतारा आहे. डिजॉक्सिन हे हृदयविकाराचं औषध ओलिअँड्रिनच्याच जातकुळीतलं. मेंढ्यांना डिजॉक्सिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लावून त्यापासून एक औषध बनवतात. श्रीलंकेत बिट्टीच्या बियांनी विषबाधा झालेल्या माणसांवर त्याची रीतसर चाचणी झाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली, आणि ते गुणकारी ठरलं. पण ते इतकं महाग आहे की कुत्र्यांसाठी क्वचितच वापरलं जातं. त्यांच्यासाठी उरतो तो कोळसा, ईसीजीवर सतत नजर, आणि ठोके मंदावले तर ॲट्रोपिन.

हा कोळसा चुलीतला नव्हे. खास प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की त्यांचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. विषाचे रेणू त्याला चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर जातात. कण्हेरीचं विष पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतं, त्यामुळे कोळसा परत परत द्यावा लागतो. करपलेली पोळी कुस्करून घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानं यातलं काही होत नाही, वेळ तेवढा जातो.

त्याहून वाईट उपाय मिठाच्या पाण्याचा. कुत्रं ओकलं नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि झटके आणतं. झाडानं न मेलेलं पिल्लू मिठानं मरू शकतं. दूध किंवा तूप पाजल्यानं कण्हेर, सायकस, एरंड यांचं विष उतरत नाही. गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याला ओकवायला जाल, तर ओकारी फुप्फुसात जाईल. ओकवायचं की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

दह्या-दुधाला थोडा अर्थ आहे तो अळूच्या गणगोतात. अळू आणि सुरण आपल्याला का खाजतात, ते स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मनीप्लांट, डिफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन ही घरात कुंडीत वाढणारी मंडळी त्याच कुळातली. कुत्र्यानं चावा घेताच त्या सुया जिभेत घुसतात, लाळ गळते, ते तोंड जमिनीला घासतं, कळवळतं आणि बहुधा पान टाकून देतं. दृश्य भयानक दिसतं, पण जिवावरचा धोका क्वचितच. तोंड पाण्यानं धुवावं, थोडं दही चाटवावं आणि घसा सुजतोय का ते बघावं. अळूवर आपण चिंच घालतो म्हणून कुत्र्याला चिंचेचं पाणी मात्र पाजू नये. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना का बाधतात, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि ते आम्ल चिंचेत भरपूर असतं.

जी झाडं चावताक्षणी कळवळायला लावतात त्यांची मला तेवढी भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती गप्प राहणाऱ्यांची, आणि त्यातली एक वस्तू तर झाडसुद्धा नाही. ती पोत्यात येते.

भारत हा एरंडीचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक, आणि बहुतेक पीक गुजरातचं. बी गाळून एरंडेल निघतं, उरलेली पेंड सेंद्रिय खत म्हणून गुलाबाच्या कुंड्यांत पडते. एरंडीतलं रायसिन हे प्रथिन आहे. ते तेलात विरघळत नाही, म्हणून एरंडेल पोटात घेता येतं आणि विष पेंडीत राहतं. नीट उष्णता दिली तर ते निकामी होतं, पण पोत्यातल्या पेंडीला ती मिळाली आहे की नाही हे बघून कळत नाही. रायसिनचा एक भाग पेशीच्या दारावर पकड घेतो, दुसरा आत शिरतो आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम एकेक करून बंद पाडतो. एक रेणू मिनिटाला हजारावर रायबोसोम निकामी करू शकतो. १९७८ साली लंडनमध्ये बल्गेरियाचे लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत घुसवलेल्या बारीकशा गोळीत हेच विष होतं, असं मानतात.

कुत्र्याला पेंडीचा वास आवडतो. तीत हाडांचा चुरा मिसळलेला असला तर ते कुंडी उकरूनच काढतं. अख्खी बी कधी कधी न फुटता बाहेर पडते, पेंडीत मात्र सगळं आधीच भरडलेलं असतं. लक्षणं बहुधा सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात: उलट्या, रक्ताचे जुलाब, गळून जाणं. उतारा नाही. सलाईन लावून शरीराला तगवून धरायचं. एरंडीच्या बिया खाल्लेल्या अमेरिकेतल्या ९८ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या तेव्हा सुमारे ९ टक्के मेली किंवा त्यांना मरण द्यावं लागलं. बाकीची वाचली, हा आकडा मला धीर देतो. उतारा नसलेल्या विषातही वेळेवर मिळालेली शुश्रूषा जीव राखते.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं, हे शेरूमुळे मला पाठ झालं. झाडाचा तुकडा किंवा खताच्या पिशवीवरची चिठ्ठी, किती खाल्लं याचा अंदाज, कुत्र्याचं वजन, आणि खाल्लं ती वेळ. वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण पोटातलं बाहेर काढण्याचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांतच होतो. जवळ पशुवैद्य नसेल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जायला संकोच करू नये. तिथल्या डॉक्टरांकडे कुत्री कमी येतात, पण कण्हेर आणि एरंड खाल्लेली गुरं त्यांनी पाहिलेली असतात.

शेरूला कोळसा दिला, सलाईन लावलं, यकृतासाठी औषधं सुरू केली. रक्त लगेच तपासलं तर सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "आजच्या रिपोर्टवर जाऊ नका. उद्या या, परवा या, तेरवाही या." दुसऱ्या दिवशी यकृताचा एक आकडा नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट झाला. त्या दिवशीसुद्धा तो दवाखान्याच्या दारात प्रत्येकाचे बूट हुंगत होता, आजारी आहे असं कुणाला वाटलं नसतं. तिसऱ्या दिवशी आकडा तिथंच थांबला, आठवड्यानं उतरू लागला. सायकस आम्ही मुळासकट काढला, बिया वेचून जाड पिशवीत बांधल्या, आणि पेंडीचं पोतं अंगणातून उचलून पोटमाळ्यावर टाकलं.