टर्बोची निवड

मोटारीवर कारखान्यातून आलेला टर्बोचार्जर उतरवून त्याजागी जास्त हवा पुरवणारा टर्बो चढवताना त्याचे माप कसे ठरवायचे, हा या नोंदीचा विषय. गॅरेजात याला ‘मोठा टर्बो टाकणे’ म्हणतात. नाव फसवे आहे. किती मोठा आणि कुठल्या बाजूने मोठा, हाच तर सगळा प्रश्न असतो. शिवाय हे माप गावागणिक थोडे बदलते. म्हणून इथली उदाहरणे इंदूरची घेतली आहेत.

टर्बोत एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. इंजिनातून सुटणारा तप्त धूर टर्बाइनचे चक्र फिरवतो आणि दुसऱ्या टोकाचे कॉम्प्रेसरचे चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. विक्रीच्या मोटारींत टर्बो दिसला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेअरमध्ये. कोंबलेल्या हवेची गाडी इंदूरच्या माहितीची मात्र त्याआधीपासून होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात ड्युसेनबर्ग एसजे मागवली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिची बॉडी बांधून घेतली. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर सुपरचार्जर होता. तो धुरावर नव्हे, इंजिनाच्याच ताकदीवर फिरे. कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करी.

निवडीची सुरुवात बूस्टच्या आकड्यापासून करू नये. ‘किती बूस्ट मारतो?’ हा कट्ट्यावरचा पहिला प्रश्न असतो आणि घोळ तिथेच होतो. बूस्ट हा नुसता दाब आहे. इंधन जळते ते हवेच्या वजनाच्या हिशेबात. तापलेल्या हवेचा दाब तितकाच असला तरी तिचे वजन कमी भरते. म्हणून आधी किती अश्वशक्ती हवी ते ठरवायचे, त्यावरून हवेचे वजन काढायचे आणि दाबाकडे शेवटी यायचे. पेट्रोल इंजिनासाठी ढोबळ हिशेब असा, की मिनिटाला १ किलो हवेमागे सुमारे २२ अश्वशक्ती मिळते.

२ लिटरच्या इंजिनाकडून ३०० अश्वशक्ती हवी, असे धरू. म्हणजे मिनिटाला साधारण १३.६ किलो हवा लागेल. हे इंजिन ६,५०० फेऱ्यांना मिनिटाला सव्वासहा घनमीटरच्या आसपास हवा गिळते. इतक्या जागेत तेवढे वजन बसवायचे आणि इंटरकूलरमधून, म्हणजे दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीतून, आलेली हवा ५० अंशांवर आहे असे मानायचे, तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) सुमारे २०४ किलोपास्कल एकूण दाब लागतो. इंटरकूलर आणि नळ्यांत १० किलोपास्कल जातात, म्हणून कॉम्प्रेसरने २१४ द्यायला हवेत.

इंदूरचा संबंध इथे येतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. मुंबईत हवेचा दाब १०१ किलोपास्कल, तर इथे ९५ च्या आसपास. एअर फिल्टर त्यातले ३ खातो असे धरले, तर कॉम्प्रेसरचे दाब-गुणोत्तर, म्हणजे बाहेर दिलेला दाब भागिले आत आलेला दाब, मुंबईला २.१८ येते आणि इंदूरला २.३३. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो. पण तेच काम करायला इथे टर्बोला अधिक फेऱ्या घ्याव्या लागतात. किनाऱ्यावरच्या शहरात जेमतेम पुरणारा टर्बो इथे मे महिन्याच्या दुपारी दमतो.

हे दोन आकडे, हवेचे वजन आणि दाब-गुणोत्तर, हातात आले की कॉम्प्रेसर मॅप, म्हणजे आडवे हवेचे वजन आणि उभे दाब-गुणोत्तर मांडलेला आलेख, उघडायचा. टर्बो बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या प्रत्येक मॉडेलचा मॅप देतात. मॅप नसलेला स्वस्त टर्बो म्हणजे बंद पाकिटातला माल. मॅपवर कांद्याच्या कापासारखी एकात एक वर्तुळे असतात, ती कार्यक्षमतेची. डावीकडची रेघ सर्जची: तिच्यापलीकडे हवा उलटी फिरू लागते, टर्बो फडफडतो आणि बेअरिंगवर घाव बसतात. उजव्या टोकाला चोक, म्हणजे चक्रातून यापेक्षा जास्त हवा जाऊच शकत नाही. आपला बिंदू मधल्या वर्तुळांत किंवा त्यांच्या जवळ पडायला हवा. कारण उघड आहे. ४० अंशांची हवा २.३३ पट दाबताना कॉम्प्रेसर ७२ टक्के कार्यक्षम असेल, तर ती सुमारे १६० अंशांवर बाहेर पडते. ६० टक्क्यांवर १८० च्याही वर जाते. ही जादाची धग इंटरकूलरच्या माथी येते आणि तो हरला की नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनावर ठोके बसणे, सुरू होते. एकच बिंदू मात्र पुरेसा नाही. २,५०० आणि ४,००० फेऱ्यांचे बिंदूही मांडावेत. टर्बो मोठा घेतला, तर खालचे बिंदू सर्जच्या रेघेला टेकलेले दिसतात.

टर्बाइनच्या बाजूला ए-आर नावाचा आकडा पाहतात. धूर चक्रावर सोडणाऱ्या शंखाच्या आकाराच्या खोक्याचा गळा किती अरुंद आहे, ते त्यावरून कळते. आकडा लहान असेल तर टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांना धूर तुंबतो. मोठा असेल तर वर मोकळा श्वास मिळतो आणि खाली लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर वाट पाहणे. चार सिलिंडरांत १ व ४ यांचा धूर एका वाटेने, २ व ३ यांचा दुसऱ्या वाटेने नेणारा ट्विन-स्क्रोल प्रकार ही तडजोड थोडी सैल करतो. बॉल बेअरिंगचाही फायदा होतो, पण आधी माप बरोबर असावे.

गाडी कुठे चालते, हे निवडीत सर्वांत जड पडायला हवे आणि तेच बहुतेकदा विसरले जाते. रामबागेत राहून रोज पलासिया ते विजयनगर सिग्नलमागून सिग्नल काढायचे आणि दिवाळीत घरचे सगळे व सामान घेऊन बिजासन घाटातून पुण्याला जायचे, अशा गाडीला ४,५०० फेऱ्यांना जागा होणारा टर्बो निरुपयोगी. तिला मूळ टर्बोपेक्षा एकच पायरी वरचा, ३,००० फेऱ्यांच्या आत भरणारा टर्बो शोभतो. मोठ्या टर्बोची मजा लागते ती मोकळ्या ट्रॅकवर. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथल्यासारखी सलग पूर्ण थ्रॉटलवरची धाव रस्त्यावर कधी येत नाही.

टर्बोबरोबरचा खर्च टर्बोइतका किंवा त्याहून जास्त निघतो. इंजेक्टर, इंधनपंप, इंटरकूलर, एक्झॉस्टचा डाउनपाइप आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) केलेले ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग हे सगळे त्यात येते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याच हवेमागे जास्त इंधन लागते; शुद्ध पेट्रोलचे हवा-इंधन वजनाचे गुणोत्तर १४.७, तर ई-२० चे (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे) साडेतेराच्या आसपास. त्यामुळे इंजेक्टरचे माप काठावरचे घेऊ नये. गिअरबॉक्सचीही मर्यादा असते. फोक्सवॅगन समूहाचा कोरड्या क्लचचा सात गिअरांचा डीएसजी (दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) मुळात २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे आणि याच समूहातल्या स्कोडाची भारतातली १.८ टीएसआय ऑक्टेव्हिया कारखान्यातूनच तेवढा टॉर्क देत असे. अशा गाडीत टर्बोआधी क्लचचा विचार करावा.

कायद्याने हा बदल निर्धोक नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतला (नोंदणी प्रमाणपत्रातला) तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘आरसीत टर्बोचा रकानाच नाही’ हा युक्तिवाद गॅरेजात नेहमी ऐकू येतो, पण अश्वशक्तीची नोंद आरसीत असते.