गप्प जनुकांसाठी जोरकस प्रमोटर

मातीतला स्ट्रेप्टोमायसीस हा जिवाणू प्रतिजैविक बनवतो ते स्वतःच्या गरजेपुरतं. कारखान्याच्या गरजेशी त्याला देणंघेणं नसतं. शिवाय अंगी असलेलं सगळं तो दाखवतोच असं नाही. 2002 मध्ये स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर या त्याच्या एका जातीचा जीनोम, म्हणजे सुमारे 87 लाख अक्षरांचा सगळा डीएनए, वाचून झाला. त्यात प्रतिजैविकांसारखी रसायनं बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह सापडले. त्यातली बरीच रसायनं तोवर कोणी पाहिलीही नव्हती, कारण प्रयोगशाळेत त्यांचे समूह गप्प, म्हणजे जवळजवळ बंद असतात.

जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, तो प्रमोटर. आरएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) तिथे बसतं आणि जनुकाची आरएनए प्रत काढू लागतं. बसायची जागा ओळखून देतात सिग्मा घटक नावाची प्रथिनं. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूकडे ती सात, तर सीलिकलरकडे साठाहून अधिक! गप्प समूहांचा मूळ प्रमोटर काढून जोरकस प्रमोटर जोडला, तर ते बोलू लागण्याची शक्यता असते.

असा प्रमोटर आणायचा कुठून? एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक बनवणारा जिवाणू त्याच औषधाने मरू नये म्हणून एक संरक्षक जनुक बाळगतो. त्याच्या प्रमोटरमधली तीन अक्षरं गळली आणि जोर वाढला. हाच तुकडा कित्येक वर्षं प्रयोगशाळांचा हुकमी एक्का होता. पुढे 2013 मध्ये सीलिकलरच्याच एका प्रमोटरवर काम झालं. त्याला दाबून धरणारी प्रथिनं जिथे चिकटतात तो भाग छाटला, काही अक्षरं बदलली आणि तो जुन्या एक्क्यापेक्षा वरचढ ठरला.

आता पेशीतल्या सगळ्या आरएनए प्रती मोजून कोणतं जनुक सतत भरपूर चालतं ते पाहतात आणि त्याचा प्रमोटर उचलतात. मग तो चकाकणाऱ्या हिरव्या प्रथिनाच्या जनुकापुढे लावायचा. चकाकी जितकी जास्त, तितका जोर जास्त. पण ही परीक्षा एकाच जनुकाची असते आणि प्रतिजैविकामागे दहा-वीस जनुकं असू शकतात. सगळ्यांनाच पूर्ण जोर दिला तर कच्चा माल संपतो, अर्धवट रसायनं साचतात, पेशीची वाढ खुंटते. कधीकधी तर तयार झालेलं प्रतिजैविक स्वतःच्याच पेशीला भारी पडतं. म्हणून मला सगळ्यात जोरदार प्रमोटरच्या बातमीपेक्षा कमी, मध्यम आणि जास्त जोराच्या प्रमोटरांचे संच जास्त महत्त्वाचे वाटतात. एकाच समूहातल्या वेगवेगळ्या जनुकांना वेगवेगळा जोर देता येतो तो त्यांच्यामुळेच.